चौसष्ट वर्षं शिल्लक

२०२२ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये ज्याच्या-त्याच्या तोंडी व्याजदर होते. २३ सप्टेंबरला तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी ते गाजलेलं मिनी-बजेट मांडलं आणि काही दिवसांतच दोन वर्षांच्या फिक्स्ड घरकर्जाचा सरासरी दर सहा टक्क्यांच्या वर गेला. आमचा जुना फिक्स, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी बांधून घेतलेला दर, नेमका वर्षअखेरीला संपत होता. नवरा रोज जेवणं झाली की लॅपटॉप उघडून बसायचा आणि या बँकेचा दर, त्या बँकेचा दर असं चालायचं. त्यातल्या त्यात एक बरी वाटली म्हणून अर्ज केला, पगाराच्या स्लिपा दिल्या, आणि सरळ नकार आला. आमच्या पगारांवर त्यांचा आक्षेप नव्हता, क्रेडिट स्कोअरवरही नव्हता. फ्लॅटच्या लीजची उरलेली मुदत त्यांना कमी वाटत होती.

चौसष्ट वर्षं आणि काही महिने. भारतातल्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. चौसष्ट वर्षांनी आपण तरी कुठे असणार! पण बँक हिशोब वेगळा करते. कर्ज पंचवीस वर्षांचं, ते फिटल्यावरही पुढे तीस-चाळीस वर्षं उरायला हवीत, नाहीतर विकायची वेळ आली तर घेणार कोण? काही बँका तर सुरुवातीलाच सत्तर-पंच्याऐंशी वर्षं मागतात.

आमचा फ्लॅट लंडनच्या हॅरो भागात आहे. तीन मजली लाल विटांची इमारत, बारा घरं. लीज ९९ वर्षांची, २५ मार्च १९८८ पासून. (२५ मार्च ही इथली शेकडो वर्षांपासूनची भाडं भरायची तारीख. नव्या इमारतींच्या कागदांतही ती तशीच चिकटून आलेली असते.) म्हणजे २०८७ च्या मार्चमध्ये लीज संपणार आणि फ्लॅटवरचा आमचा मालकीसारखा हक्क संपून तो जमिनीच्या मालकाकडे जाणार. त्या मालकाला इथे फ्रीहोल्डर म्हणतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये बहुतेक फ्लॅट असेच विकले जातात. स्कॉटलंडमध्ये हा प्रकार नाही. वर त्या फ्रीहोल्डरला दरवर्षी ग्राउंड रेंट द्यायचं. आमच्या लीजमध्ये पहिली ३३ वर्षं १०० पौंड, पुढची ३३ वर्षं २०० आणि शेवटची ३३ वर्षं ३०० असं ठरलेलं होतं. या पैशाच्या बदल्यात तो काहीही करत नाही. जिना झाडणं, छत दुरुस्त करणं, विमा, या सगळ्याचा सर्व्हिस चार्ज वेगळा.

नेरूळच्या दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग यात काय विशेष? आमचीपण सिडकोची साठ वर्षांचीच लीज आहे." खरं आहे. पण त्याच्याकडे लीज सोसायटीच्या नावावर आहे, समोर सरकारी महामंडळ आहे, आणि साठ वर्षं संपली की लाखो लोकांचं एकदम काय करायचं हा प्रश्न राजकारण्यांना सोडवावाच लागेल. माझ्यासमोर होती एक खासगी कंपनी, जिने हे फ्रीहोल्ड कधीतरी लिलावात उचललं होतं, आणि तिच्यापुढे मी एकटी. आपल्याकडे बिल्डर कन्व्हेयन्स देत नाही म्हणून सोसायट्या वर्षानुवर्षं भांडतात. इथे भांडायला सोसायटीच नसते.

२०१३ साली घर घेतलं तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षं उरली होती आणि आमच्या वकीलबाईंनी ते पत्रात ठळक लिहिलं होतं. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे घर घेऊन दोन वर्षं झाल्याशिवाय मुदतवाढीचा हक्क मिळत नसे. ती दोन वर्षं झाली तोवर धाकटी झाली होती, पाळणाघराचं बिल घरकर्जाच्या हप्त्याहून मोठं होतं. मग जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाचे गृहनिर्माण मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी घोषणा केली की ९९० वर्षांची मुदतवाढ देऊ, मॅरेज व्हॅल्यू रद्द करू. हे ऐकून देशभर लोक थांबले, त्यात आम्हीही.

ही मॅरेज व्हॅल्यू म्हणजे या सगळ्या प्रकरणातला खरा काटा. लीज ८० वर्षांहून जास्त उरली असेल तर ती द्यावी लागत नाही. ८० च्या खाली गेलात की मुदत वाढवल्यामुळे फ्लॅटची जी किंमत वाढते, त्या वाढीतला अर्धा वाटा फ्रीहोल्डरला द्यायचा. ८० ची ही रेषा २००२ च्या कायद्याने आखली. आमच्या फ्लॅटने ती मार्च २००७ मध्येच ओलांडली होती, तेव्हा मी डोंबिवलीहून लोकलला लटकत होते आणि हॅरो नकाशावर कुठे आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

नकार आल्यावर आम्ही जुन्याच बँकेत नवा दोन वर्षांचा दर घेतला. गिऱ्हाईक जुनं असेल तर बँक लीज पुन्हा तपासत नाही. पण याचा अर्थ असा की बाजारात दुसरीकडे कुठे जाण्याची सोय उरली नव्हती आणि दर दोन वर्षांनी लीज आणखी कमी होणार होती. नवऱ्याचं म्हणणं होतं की कायदा येतोच आहे, अजून थोडं थांबू. मला ते पटेना. मंत्र्यांची घोषणा होऊन दोन वर्षं होत आली होती, मधल्या काळात पंतप्रधानच दोनदा बदलले होते.

डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात, एका कार्यक्रमानंतरच्या जेवणात, मी हा विषय काढला आणि टेबलभर प्रत्येकाचा वेगळा सल्ला निघाला. कुणी म्हणे फ्लॅट विकून टाका आणि स्वतंत्र घर घ्या, कुणी म्हणे फ्रीहोल्डरला फोन करून गोडीत मिटवा. सत्तरच्या दशकात इथे आलेले एक काका शांतपणे श्रीखंड संपवत होते, ते शेवटी म्हणाले, "अगं, गोडीत काही होत नाही. सेक्शन ४२ लाव. नोटीस गेली की तारखा सुरू होतात, आणि तारखा सुरू झाल्या की तो आपोआप बोलायला लागतो." पुढच्या वर्षभरात ऐकलेल्या सगळ्या सल्ल्यांत हा एकच शब्दशः खरा निघाला.

सेक्शन ४२ म्हणजे १९९३ च्या लीजहोल्ड रिफॉर्म कायद्यातलं कलम. त्याखाली नोटीस दिली की फ्रीहोल्डरला नाही म्हणायची सोय जवळजवळ नसते. उरलेल्या मुदतीत ९० वर्षं मिळवायची, ग्राउंड रेंट कायमचं शून्य, आणि किंमत ठरली नाही तर ट्रिब्युनल, म्हणजे न्यायाधिकरण, ठरवणार. मला आधी वाटलं होतं की नोटीस वगैरे म्हणजे भांडण, ते शेवटचा उपाय म्हणून ठेवावं. म्हणून पहिलं एक सभ्य पत्र कंपनीच्या एजंटला पाठवलं.

उत्तर लगेच आलं, आणि फार गोड होतं. २६ हजार पौंडांत लीज पुन्हा ९९ वर्षांची करून देतो, सगळे कागद आम्हीच करतो, ही ऑफर अमुक तारखेपर्यंतच. २६ हजार ऐकून नवरा खूश झाला. पण नीट वाचलं तर मिळणार होती फक्त पस्तीस वर्षं, म्हणजे वीसेक वर्षांनी पुन्हा ८० च्या खाली आणि पुन्हा हेच सगळं. ३० जून २०२२ पासूनच्या कायद्यामुळे वाढीव काळासाठी त्यांना ग्राउंड रेंट लावता येत नव्हतं, पण जुनी चौसष्ट वर्षं संपेपर्यंत २००, मग ३०० हे चालूच राहणार होतं. शिवाय अशा आपसातल्या व्यवहारात ते शेवटच्या दिवशीही मागे फिरू शकतात. ऑफर तशीच पडू दिली.

इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून फ्रीहोल्डच विकत घ्यायचं, हाही मार्ग कायद्यात आहे. किमान निम्मी घरं तयार हवीत, म्हणजे आमच्या बाबतीत सहा. मी रविवारी दारोदार फिरले. वरच्या मजल्यावरचे गुजराती काका-काकू लगेच हो म्हणाले, श्रीलंकन तमिळ जोडपंही. एका घरात भाडेकरू, मालक दुबईत. दुसऱ्या घराचा मालक कुठे आहे ते भाडेकरूलाही माहीत नव्हतं. एक तरुण म्हणाला की तो पुढच्या वर्षी विकणार आहे, ही कटकट घेणाऱ्यालाच करू दे. चार घरांवर गाडी अडली. आपल्याकडे सोसायटीच्या सभेला कोरम होत नाही म्हणून आपण किती चिडतो! पण तिथे निदान सेक्रेटरीकडे सगळ्यांचे फोन नंबर तरी असतात.

मग एकट्याने जायचं ठरलं. लीजहोल्ड ॲडव्हायजरी सर्व्हिस ही सरकारी पैशावर चालणारी संस्था फुकट सल्ला देते, तिचं गणकयंत्र ऑनलाइन आहे. त्यावर आकडे घातले तर ३३ ते ४१ हजार अशी मोठी रेंज आली. एवढ्या फरकात एक गाडी येते. म्हणून किंमत काढणारा व्हॅल्युअर नेमला, आरआयसीएस या सर्व्हेयरांच्या संस्थेचा सदस्य, आणि वकील असा शोधला जो हेच काम रोज करतो. घरखरेदी करून देणारा नेहमीचा वकील या कामाला चालत नाही. नोटिशीत चूक झाली तर ती बाद होऊ शकते, आणि नोटीस नीट असली पण पुढे एखादी तारीख चुकली तर ती मागे घेतली असं धरून पुढचे बारा महिने दुसरी देता येत नाही.

व्हॅल्युअर आला तो मोजपट्टीपेक्षा प्रश्नच जास्त घेऊन आला. किचन कुणी बसवलं? बाथरूम? हीटिंगचा बॉयलर? कारण आपल्या खर्चाने केलेल्या सुधारणांमुळे वाढलेली किंमत हिशोबातून वगळायची असते. मी पावत्यांची फाइल काढून दिली. ओटा मी मुद्दाम भारतीय स्वयंपाकाला सोयीचा करून घेतला होता, त्याच्याकडे बघून तो सभ्यपणे म्हणाला की याने किंमत फारशी वाढलेली नाही.

त्याने कागदावर मांडून दाखवलेला हिशोब मात्र मी अजून जपून ठेवला आहे, कारण हॅरोतल्या एका फ्लॅटपाशी उभं राहून इतकं चमत्कारिक गणित मी दुसरं पाहिलेलं नाही. तीन भाग. पहिला, चौसष्ट वर्षांचं ग्राउंड रेंट जे मालकाचं बुडणार, त्याची आजची किंमत. साडेसहा टक्क्यांनी काढली की सुमारे ३ हजार पौंड. दुसरा, २०८७ मध्ये फ्लॅट त्याच्याकडे जाणार होता, तो आता नव्वद वर्षं उशिरा जाणार. फ्लॅटची किंमत ३ लाख ४० हजार धरली तरी ती रक्कम चौसष्ट वर्षांनी मिळणारी आहे. वर्षाला ५ टक्क्यांनी मागे आणत गेलं तर आजच्या शंभरातले साडेचारसुद्धा उरत नाहीत. म्हणजे सुमारे १५ हजार. हे ५ टक्के कुणाच्या मनातले नाहीत, स्पोर्टेली नावाच्या खटल्यात २००६ साली लँड्स ट्रिब्युनलने ठरवले आणि फ्लॅटसाठी ते तसेच चालत आले आहेत.

इथपर्यंत १८ हजार. आता तिसरा भाग, मॅरेज व्हॅल्यू. मुदत वाढवलेला फ्लॅट ३ लाख ४० हजारांचा, आजच्या चौसष्ट वर्षांच्या लीजसकट तोच फ्लॅट २ लाख ८२ हजारांच्या आसपास. फरक ५८ हजार. त्यातून मालकाला दिलेले १८ हजार वजा केले की राहिले ४० हजार, आणि त्यातले निम्मे, २० हजार, पुन्हा मालकालाच. एकूण ३८ हजार. निम्म्याहून अधिक रक्कम केवळ ८० ची रेषा ओलांडल्याची.

पण २ लाख ८२ हजार हा आकडा कुठून आला? इथे खरी गंमत आहे. कायदा म्हणतो की आजच्या लीजची किंमत काढताना हा मुदतवाढीचा हक्क देणारा कायदाच नाही असं समजा. असा हक्क नसलेले फ्लॅट बाजारात विकलेच जात नाहीत, मग पुरावा कुठून आणणार? म्हणून आलेख. सॅव्हिल्स, जेराल्ड ईव्ह अशा मोठ्या संस्थांनी काढलेले आलेख आहेत, इतकी वर्षं उरली असतील तर पूर्ण किमतीच्या इतके टक्के. त्यांवर वकील आणि व्हॅल्युअर अपीलापर्यंत भांडलेले आहेत. चौसष्टला ८२-८३ टक्के हा आमच्या माणसाचा अंदाज. एका टक्क्याने इकडे-तिकडे झालं की माझ्या खिशातून दीड-पावणेदोन हजार पौंड कमी-जास्त जाणार होते.

जानेवारी २०२३ मध्ये नोटीस गेली, २९ हजारांचा प्रस्ताव घेऊन. प्रस्ताव कमी ठेवतात पण हास्यास्पद ठेवता येत नाही, नाहीतर नोटीसच अवैध ठरू शकते. नोटिशीच्या दिवशी मूल्यांकनाची तारीख गोठते. पुढे कितीही महिने गेले तरी हिशोब चौसष्ट वर्षांवरच होणार. वकिलाने ती नोटीस लँड रजिस्ट्रीत फ्रीहोल्डच्या नोंदीवर चढवली, म्हणजे मधेच मालक बदलला तरी नवा मालक बांधलेला. कंपनीने लगेच दहा टक्के डिपॉझिट मागितलं, २,९०० पौंड, ते भरलं. तिचाही व्हॅल्युअर येऊन पाहून गेला. आणि आम्ही वाट पाहू लागलो.

मालकाला उत्तर द्यायला किमान दोन महिने द्यावे लागतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर आपणच मागितलेल्या अटींवर लीज मिळते, म्हणून मनात एक वेडी आशा असते. ती धरू नका. या कंपन्या हेच करून जगतात. मुदत संपायच्या आदल्या दिवशी त्यांची प्रति-नोटीस आली: हक्क मान्य, किंमत ५१ हजार.

२९ आणि ५१. दादाला फोनवर सांगितलं, त्याने मनात शंभराने गुणलं आणि म्हणाला, "एक्कावन्न लाख? त्यात बदलापूरला वन बीएचके घेऊन वर गाडी येईल." ते खरं असलं तरी माझ्या उपयोगाचं नव्हतं.

यापुढचे महिने दोन व्हॅल्युअर एकमेकांशी बोलत होते आणि आम्ही नुसतं बिल भरत होतो. त्यांचा माणूस म्हणे फ्लॅट ३ लाख ६० हजारांचा आणि आलेखावर ७८ टक्के. आमचा म्हणे ३ लाख २५ आणि ८६. दोघांनाही ठाऊक होतं की उत्तर मधे कुठेतरी आहे. तरी तिथे पोचायला उन्हाळा गेला. मला सर्वांत उपयोगी पडली ती लँड रजिस्ट्रीची विक्रीच्या किमतींची यादी, जी कुणालाही बघता येते. शेजारच्या इमारतीत लीज वाढवलेला तसाच फ्लॅट २०२२ मध्ये कितीला गेला, हे मीच शोधून आमच्या माणसाला पाठवलं. त्याने ते वापरलं आणि किंमत ३ लाख ४० वर येऊन थांबली.

एक गोष्ट मात्र आम्ही कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली होती. प्रति-नोटीस आल्यापासून दोन महिन्यांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत ट्रिब्युनलकडे अर्ज करावाच लागतो. बोलणी छान चालली आहेत म्हणून तो राहिला, तर सहा महिन्यांनंतर सगळं रद्द, वर त्यांचा खर्चही आपल्याच गळ्यात. मंडळातले काका "तारखा" म्हणत होते त्या याच. जुलैमध्ये अर्ज केला. अर्ज जाताच त्यांचा माणूस जरा लवचीक झाला. लंडनचं ट्रिब्युनल टॉटनहॅम कोर्ट रोडजवळ आल्फ्रेड प्लेसमध्ये आहे. सुनावणीची तारीखही पडली होती, पण तिथवर जायची वेळ आली नाही. बहुतेक प्रकरणं आधीच मिटतात, कारण सुनावणीत उभं राहायचे व्हॅल्युअरचे पैसे प्रत्येकाला आपापले द्यावे लागतात आणि दोन हजारांच्या फरकासाठी तीन हजार घालवणं मालकालाही परवडत नाही. ऑक्टोबरमध्ये ३७,५०० वर तुटलं. व्हॅल्युअरने पहिल्या दिवशी कागदावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाचशे कमी.

आणि मग ७ नोव्हेंबर २०२३ ला राजे चार्ल्स यांनी संसदेत भाषण वाचलं, त्यात लीजहोल्ड सुधारणेचं विधेयक होतं. महिनाअखेरीस ते मांडलंही गेलं. ९९० वर्षं, मॅरेज व्हॅल्यू रद्द, फ्रीहोल्डरचा खर्च लीजधारकाने देण्याची पद्धतही बहुतांशी बंद. त्या रात्री घरात जी चर्चा झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. नवऱ्याचा मुद्दा साधा होता: वीस हजार पौंड. आमच्या हिशोबातला नेमका तोच तुकडा सरकार रद्द करणार म्हणत होतं.

मी वकिलाला विचारलं, आता थांबलो तर? तो म्हणाला, अटी ठरल्या आहेत, ठरलेल्या महिन्यांत लीज केली नाही किंवा कोर्टात गेला नाहीत तर नोटीस मागे घेतली असं धरलं जाईल. त्यांचा खर्च तरीही द्यावा लागेल. पुढची नोटीस वर्षभराने, तेव्हाच्या किमतीवर, तेव्हाच्या कायद्याने, जो काय असेल तो. आणि विधेयक संमत होणं आणि लागू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाक्य त्याने दोनदा उच्चारलं. मी पुढे जायचं ठरवलं. नवरा तयार झाला, पण खूश झाला नाही.

मसुद्याचा टप्पा मी लवकर उरकेल असं समजत होते. त्यांच्या वकिलाने पाठवलेल्या नव्या लीजमध्ये भाड्याने देताना परवानगीची फी, कागदपत्रांची फी अशी तीन-चार नवी कलमं हळूच शिरलेली होती. कायद्याप्रमाणे नवी लीज जुन्याच अटींवर व्हायला हवी, थोडेच अपवाद सोडून. आमच्या वकिलाने त्यांवर सरळ रेघ मारली आणि समोरच्यांनी एकही शब्द न बोलता ती कलमं मागे घेतली. बिचारे किती लोक स्वस्तातला वकील घेऊन अशा फिया आयुष्यभर भरत असतील कोण जाणे.

पैशाचं म्हणाल तर थोडे बचतीतले, थोडे ठाण्याच्या बँकेतली एनआरई ठेव मोडून, आणि उरलेले आमच्याच बँकेने त्याच कर्जावर वाढवून दिले. लीज वाढवायला कर्ज मागितलं की बँक खुशीने देते, तिचंही तारण सुधारतं. प्रीमियमच्या, म्हणजे मालकाला द्यायच्या त्या ३७,५०० च्या, वर आमचा व्हॅल्युअर, आमचा वकील, त्यांचा व्हॅल्युअर, त्यांचा वकील मिळून साधारण सहा हजार. त्यांची दोन बिलं देणं मला सर्वांत जिवावर आलं. आपल्याविरुद्ध वाद घालणाऱ्याला पगारही आपणच द्यायचा! पण १९९३ चा कायदा तसाच आहे. फक्त ट्रिब्युनलातला त्यांचा खर्च त्यात धरता येत नाही, तेवढं बिल वकिलाने कापून घेतलं.

जानेवारी २०२४ मध्ये नवी लीज झाली. मार्च २१७७ पर्यंत, ग्राउंड रेंट शून्य. घरकर्ज कायद्यानेच नव्या लीजवर सरकलं. लँड रजिस्ट्रीने जुनी नोंद बंद करून नवा क्रमांक द्यायला बरेच महिने घेतले. मधल्या काळात एजंटकडून नेहमीप्रमाणे ग्राउंड रेंटचं बिल आलं, तेही उशिराच्या दंडाच्या धमकीसह. मी लीजच्या त्या पानाचा फोटो जोडून उत्तर पाठवलं. उत्तराला उत्तर आलं नाही, पण पुढचं बिलही आलं नाही. २०२४ च्या शेवटी फिक्स संपला तेव्हा बाजारातल्या सगळ्या बँका पुन्हा उघड्या होत्या आणि कुणीही लीजबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

तो कायदा झाला, २४ मे २०२४ ला, निवडणूक जाहीर झाल्यावर घाईघाईत. जानेवारी २०२५ अखेरीस त्यामुळे दोन वर्षं थांबायची जुनी अट तेवढी गेली. ९९० वर्षं आणि मॅरेज व्हॅल्यू रद्द करणारी कलमं हे लिहीपर्यंत लागू झालेली नाहीत. नवरा अधूनमधून बातमी बघतो आणि माझ्याकडे बघतो. ती कलमं उद्या लागू झाली तर तो म्हणेल मी सांगत होतो, आणि त्या एका आकड्यापुरतं ते बरोबरही असेल. पण थांबायचं म्हटलं असतं तर त्या थांबण्यालाही पैसे पडले असते. दरवर्षी लीज कमी, प्रीमियम जास्त, आणि बँक एकच. हा हिशोब कुठल्याही गणकयंत्रात येत नाही.

वरच्या मजल्यावरचे गुजराती काका मागच्या महिन्यात विचारायला आले. त्यांची आता बासष्टच वर्षं उरली आहेत. वय सत्तरीपुढे, कर्ज कधीच फिटलेलं, विकायचा विचार नाही. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की लगेच नोटीस द्या नाहीतर घर जाईल. मी म्हटलं, काका, तुम्हाला कुणी घाई करत नाहीये. कायदा येण्याची वाट बघायची तर तुमच्यासारख्यांनीच बघावी. फक्त मुलाने विकायचं काढलं तर आधी मला सांगा. विकण्याआधी नोटीस देऊन ती घेणाऱ्याच्या नावे करता येते, म्हणजे तो प्रीमियमच्या नावाखाली तुमच्या किमतीतून हवे तेवढे पैसे कापणार नाही. त्यांनी वकिलाचा नंबर लिहून घेतला आणि विचारलं, तुझ्या व्हॅल्युअरने ७८ चे ८३ कसे करून घेतले? मी फाइल काढली.